पायऱ्यांवरचा हलवा

"डोळे मीट बघू," माईसाहेब म्हणाल्या. "आणि मी सांगेपर्यंत उघडायचे नाहीत हं."

मी मिटले. नवी सून, मिटणार नाही तर काय करणार! लग्नानंतरची पहिली संक्रांत. अंगावर काळी चंद्रकळा, पाटाभोवती रांगोळी, आणि समोर सतरंजीवर साताऱ्यातल्या ओळखीपाळखीच्या झाडून साऱ्या बायका. कुणीतरी मागून म्हणालं, "सूनमुख गोड आहे हो तुमचं." माझ्या सासूबाई हसल्या. त्यांचं हसू फार देखणं होतं. हे आजही मी नाकबूल करणार नाही.

खरं तर महिनाभर माझा जीव टांगणीला लागला होता. पहिल्या संक्रांतीला सुनेला हलव्याचे दागिने घालतात आणि मला हलव्याची भीती. होय, हलव्याचीच. तो पांढरा, काटेरी, साखरेचा दाणा. हसा हवं तर, सगळेच हसतात. सासरी मी याबद्दल अवाक्षर काढलं नव्हतं. सांगणार काय? वाघाला भितात, पाण्याला भितात, मी साखरेला भिते? पण पंधरा दिवसांपूर्वी माईसाहेबच आपणहून म्हणाल्या होत्या, "आमच्याकडं हलव्याचे दागिने नाही घालत बाई. आम्ही फुलांचे घालतो." मी त्या दिवशी इतक्या आनंदानं त्यांचे पाय चेपले की त्यांनाच झोप लागली.

तर डोळे मिटून मी शेवंतीच्या वासाची वाट बघत बसले. मानेवरून दोरा सरकला. आणि गळ्याशी काहीतरी खरखरलं. हलकं, कोरडं, टोचरं.

पुढचं मला तुकड्यातुकड्यानं आठवतं. मी किंचाळले, दोन्ही हातांनी ते ओरबाडलं, दोरा तुटला, दाणे तडतडत फरशीवर उडाले. काही पोलक्यात गेले. मी पोलक्यात हात घालून, साऱ्या बायकांच्या देखत, अंगावरचं लुगडं सोडत सुटले. मग तिथंच पाटावर भडभडून ओकले. मोठी जाऊ कुंदा पाणी घेऊन धावली. बायका उठून उभ्या राहिल्या होत्या. कुणी म्हणालं फिट आली, कुणी म्हणालं बाहेरचं काही दिसतंय.

"अगबाई!" माईसाहेबांनी गालाला हात लावला. "माझ्या बहिणीनं ऐनवेळी पाठवले गं दागिने. म्हटलं जरा गंमत करू पोरीची. मला काय माहीत असं होईल ते!"

संध्याकाळी माझा नवरा श्रीरंग घरी आला तेव्हा ही हकीकत घरात तिसऱ्यांदा रंगवून सांगितली जात होती. तोही हसला. मग मला आत बोलावून म्हणाला, "अगं, पण काय आहे काय हे?" तेव्हा मी त्याला सगळं सांगितलं. ते तुम्हालाही सांगते.

माझं माहेर आजऱ्याचं. वडील, म्हणजे नाना, काजूच्या कारखान्यात मुकादम. एकत्र घर, आणि घरावर राज्य थोरल्या काकूचं. पौष लागला की काकू शेगडीवर परात ठेवून बसायची. परातीत खसखस टाकायची, त्यावर थेंबथेंब पाक सोडायचा, आणि बोटांच्या टोकांनी ते दिवस दिवस हलवत राहायचं, तेव्हा कुठं हलव्याला काटा फुटतो. साऱ्या गल्लीचे दागिने काकूच करायची. एका वर्षी चुलतभावाच्या बोरन्हाणाला तिनं मलाही हौसेनं मढवलं. मुकुट, हार, बांगड्या, वाकी. मी पहिलीत असेन. मला ते इतकं आवडलं की काढायलाच तयार नव्हते. तशीच दुपारी चटईवर झोपले.

जाग आली ती आगीनं. तांबड्या मुंग्या. केसांत, गळ्याला, कानात. कानातला तो आवाज, काय सांगू! मी मुकुट उपटून काढत अंगणभर नाचत होते आणि घरातली झाडून सारी माणसं पोट धरधरून हसत होती. त्यांना वाटलं, पोर मुकुट घालून नाच करतेय. मुंग्या दिसल्यावर हसणं थांबलं असेल असं वाटतं ना तुम्हाला? नाही थांबलं.

नवल याचं की मुंग्यांची भीती मला कधीच वाटली नाही. आजही साखरेच्या डब्याला लागलेली मुंग्यांची रांग मी बोटानं खुशाल पुसते. मनानं धरले ते पांढरे काटे. कसं काय, ते त्या मनालाच ठाऊक. पुढच्या वर्षी काकूची परात दिसली की मी परसात पळायची, एवढंच. तेवढ्यावर सोडलं असतं तर कदाचित दोन वर्षांत विसरूनही गेले असते. पण सोडतायत कशाला!

"भीती अशी ठेवायची नसते पोटात," काकू म्हणाली. "मोडायची असते." तिनं माझं मनगट धरलं, चुलतभावांनी पाय धरले, आणि कोपरापर्यंत माझा हात परातीत घातला. "बघ, चावतंय का? चावतंय का?" मी लाथा झाडत होते तसा तिला चेव येत होता. शेवटी मला परातीसकट धान्याच्या कोठीत कोंडलं. एक दाणा तोंडात घालून गिळला की दार उघडणार, असं ठरलं. बाहेर पोरं दाराला कान लावून खिदळत होती. आत अंधार, आणि त्या अंधारात परात कुठं आहे ते मला दिसत नव्हतं. जिथं हात लावीन तिथं ती असेल असं वाटत होतं. नाना कारखान्यातून आले तेव्हा त्यांनी दार उघडलं. मी धोतरात तोंड खुपसलं ते सोडलंच नाही.

माझे नाना शेळीसारखे गरीब. आयुष्यात कुणाला अरे म्हणाले नाहीत. त्या दिवशी त्यांनी ती परात उचलून अंगणात भिरकावली आणि थोरल्या वहिनीला म्हणाले, "माझ्या पोरीच्या डोळ्यांसमोर पुन्हा हे आलं तर मी वेगळा निघेन." झालं. त्या दिवसापासून आमच्या घरात हलवा बंद. संक्रांतीला नाना स्वतः दारात खुर्ची टाकून बसायचे. कुणी तिळगूळ घेऊन आलं की बाहेरच घ्यायचे, बाहेरच वाटून टाकायचे, खिसे झटकून मगच आत यायचे. "तुला बघायलाही लागणार नाही हो बाळ," म्हणायचे.

आणि मला बघायला लागलं नाही, म्हणून तो दाणा माझ्या डोक्यात वाढतच गेला. आधी नुसता हलवा होता. मग साबुदाणा भिजवलेला बघवेना. मग मोगऱ्याच्या कळ्या. एकदा गारा पडल्या तेव्हा मी पलंगाखाली जाऊन बसले होते, चांगली मॅट्रिकला असताना. काकूनं छळून जेवढी भीती घातली तेवढीच नानांनी जपून वाढवली, असं आता वाटतं. पण त्यांच्यावर राग धरवत नाही. त्यांच्याइतकं मला कुणी जपलं नाही, नंतर तर नाहीच नाही.

श्रीरंगनं सगळं ऐकलं. चांगला गंभीर झाला. "बरं झालं सांगितलंस," म्हणाला. दुसऱ्या दिवशी त्याचे दोन मित्र चहाला आले. मी कप ठेवायला गेले तर म्हणाला, "हात पुढं कर, तुला वेलदोडा देतो." मी केला. तळहातावर काय पडलं ते कळायच्या आत बशा फुटल्या होत्या. तिघं हसून हसून लोळले. मी रडायला लागले तेव्हा म्हणाला, "तुझ्या भल्यासाठीच ना गं! सवय व्हायला नको का?"

माईसाहेबांचं मात्र तसं नव्हतं. त्या फिदीफिदी हसणाऱ्या बाईच नव्हत्या. त्या एक दिवस हसल्या आणि कामाला लागल्या.

संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकवांचा हंगाम, घरात हलव्याचे डबे होतेच. एके सकाळी मी सायीचं पातेलं काढायला गेले, तर झाकणावर एक दाणा. एकच. बरोब्बर मधोमध. मी मागं सरले. दुपारी माझ्या कपाटाच्या कडीवर एक, लग्नातल्या साड्या होत्या त्या कपाटाच्या. रस्त्यावरच्या खिडकीत मी संध्याकाळी उभी राहायची, त्या खिडकीच्या चौकटीत तीन, ओळीनं. दुसरं काही नाही. तोंडानं चकार शब्द नाही. उलट कुंदाला ऐकू जाईल असं म्हणायच्या, "आमच्या घरात सुनांना कशाची मनाई नाही बाई. काय हवं ते घ्या, कुठं हवं तिथं उभ्या राहा."

मी जिथून मागं सरले, तिथून पुन्हा पुढं गेले नाही. पंधरवड्यात माझं घर म्हणजे चूल, मोरी आणि झोपायची खोली एवढंच उरलं. आणि गंमत बघा, दाणा उचलून नेला तरी माझा हात त्या कडीकडं जाईना. कुलूप तरी किल्लीनं उघडतं हो! कुंदा एकदा हळूच म्हणाली, "अगं, मी काढून टाकते ना तुला." पण काढताना तिचे डोळे माजघराच्या दाराकडं होते. तिलाही दिवस काढायचे होते त्या घरात.

रथसप्तमीला माईसाहेबांचं मोठं हळदीकुंकू. दुपारी पन्नासेक बायका येणार म्हणून पहाटेपासून आम्ही राबत होतो. श्रीरंग आणि थोरले दीर पहिल्या पाळीला गेलेले. गच्चीवर गोवऱ्यांवर दूध ठेवलं होतं, सूर्याच्या नैवेद्याला. उन्हं जिन्यात आली तेवढ्यात तार आली.

तार माईसाहेबांनी घेतली, पण शिपायानंच मोठ्यानं वाचली. फादर सीरियस, स्टार्ट इमिजिएटली.

माझ्या हातातलं वाण गळून पडलं. "माई, मी निघते. दहाची आजरा गाडी मिळेल."

"अगं बाई, तारेचं एवढं काय मनावर घेतेस?" त्या म्हणाल्या. "माहेरची माणसं ऐन सणाला असंच काहीबाही कळवतात. जरा ताप आला की सीरियस. आज घरात बघतेस ना किती काम आहे?"

"नाना कधी उगाच बोलवायचे नाहीत."

मी त्यांना उलट उत्तर दिलं ते पहिलंच. त्यांनी माझ्याकडं निरखून बघितलं. मग पुन्हा ते देखणं हसू.

"जा की मग. मी कुठं अडवतेय? कुंदा, हिला वाटेत खायला दशम्या बांधून दे गं."

मी आत पळाले. पिशवीत दोन लुगडी कोंबली, देवाला हात जोडले, आणि दारात आले. आमचं बिऱ्हाड वरच्या मजल्यावर. अरुंद लाकडी जिना, उतरायला दुसरी वाट नाही. जिन्याच्या तोंडाशी माईसाहेब रिकामा डबा हातात घेऊन उभ्या होत्या.

"हातातून निसटला बघ," त्या म्हणाल्या.

वरपासून खालपर्यंत, प्रत्येक पायरीवर हलवा पसरला होता. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत. हातातून निसटलेला डबा असा पसरत नाही. शेवटच्या पायरीवरसुद्धा सारखा, हातानं पेरल्यासारखा.

माझ्या कानात तो आवाज सुरू झाला. मुंग्यांचा. मी भिंतीला धरलं.

"कुंदावहिनी," मी म्हणाले, "झाडू आणा. लवकर आणा हो."

कुंदा केरसुणी घेऊन धावत आली, पण माईसाहेबांनी तिचा हात धरला. "वेडी आहेस का? सकाळी सूर्याला दाखवलाय तो. नैवेद्याला केरसुणी लावतात? पायानंही तुडवायचा नाही. हातानं एकेक वेचायचा." मग माझ्याकडं वळून, अगदी मऊ आवाजात, "वेच आणि जा. मी नाही म्हणत नाहीये."

"मी वेचते, माई," कुंदा म्हणाली.

"तू दुधाकडं बघ. उतू जायला हवं, करपायला नको. जा."

कुंदानं माझ्याकडं बघितलं. मग ती गच्चीवर गेली.

खालच्या मजल्यावर इस्त्रीचं दुकान होतं, लखूभाऊंचं. मी जिन्यातून हाक मारली, "लखूभाऊ! अहो लखूभाऊ!" ते येऊन खाली उभे राहिले, वर बघायला लागले.

"काही नाही हो," माईसाहेब वरून म्हणाल्या. "आमच्या सूनबाई हलव्याला भितात. त्यांना म्हटलं वेचा, तर तुम्हाला बोलावतायत!"

लखूभाऊ हसले. वाईट नव्हते ते, पण हसले. "अहो वहिनी, साखर आहे ती! टाका पाय, विरघळंल!" आणि पुन्हा इस्त्रीकडं गेले.

मी खाली बसले. जिन्याच्या तोंडाशी, दोन हातांनी कठडा धरून. डोळे मिटले. नानांचं नाव घेतलं. पाय खाली सोडला. तळव्याला पहिला काटा लागला आणि माझं सगळं अंग आपोआप मागं फेकलं गेलं. मी तरी काय करू? पायाला सांगत होते, जा, मेल्या, जा, तिकडं बाप मरतोय. पाय ऐकत नव्हता. पुन्हा सोडला. पुन्हा तेच. मग ओकारी आली. मग श्वासच घेता येईना. मी उंबऱ्यावर डोकं आपटून घेतलं, कपाळाला खोक पडली, ती अजून आहे. माईसाहेब सुपारी कातरत शेजारी बसल्या होत्या. मध्येच म्हणाल्या, "पाणी हवं का गं?"

मी त्यांचे पाय धरले. खोटं नाही सांगत, त्यांच्या पावलांवर डोकं ठेवून म्हणाले, "माई, एवढ्या वेळी जाऊ द्या. आयुष्यभर काही मागणार नाही. माहेराचं नाव काढणार नाही."

"अगं पण मी अडवलंय का?" त्या म्हणाल्या. आणि त्यांना खरंच तसं वाटत होतं की काय, कोण जाणे.

मग कधीतरी त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडं बघितलं. सुपारीचा अडकित्ता मिटला आणि गच्चीकडं तोंड करून हाक मारली. "कुंदा! ये गं, वेच आता. बायका यायची वेळ झाली."

कुंदानं ओंजळीनं भराभर दाणे उचलले. फार वेळ लागला नाही. नैवेद्य होता ना, तिनं पदरानं पायऱ्याही पुसल्या. मला खाली जायला वाट करून दिली तेव्हा तिचं तोंड दुसरीकडं होतं. मी डोळे गच्च मिटून, कठडा धरून जिना उतरले आणि अनवाणी धावले. स्टँडवर आजरा गाडीची जागा रिकामी होती. मग कोल्हापूरची गाडी, कोल्हापुरातून गडहिंग्लजची, तिथून काजूच्या पोत्यांच्या टेम्पोत. घरासमोर पोचले तेव्हा दिवेलागण झाली होती आणि अंगणात माणसं उभी होती. माणसं अशी उभी असली की विचारावं लागत नाही.

नानांना खाली घेतलं होतं. चेहरा स्वच्छ होता. माझी आई उशाशी बसली होती, रडत नव्हती. मला बघून म्हणाली, "तासाभरानं चुकलीस गं."

काय सांगणार होते, का उशीर झाला?

"दुपारभर चांगले शुद्धीत होते," आई सांगत होती. "सारखे दाराकडं बघायचे. मी म्हटलं, तार मिळाली नसेल, नाहीतर सासरचे सोडत नसतील, सण आहे. तर माझ्यावरच चिडले. म्हणाले, माईसाहेब तशा नाहीत. त्या सांभाळून पाठवतील पोरीला."

"नानांना काय माहीत माईसाहेब कशा आहेत?"

"बोललेत ना ते त्यांच्याशी. लग्नाच्या बैठकीच्या दिवशी. सगळे पंगतीला उठले तेव्हा त्यांना बाजूला घेऊन हात जोडले. तुझं ते हलव्याचं सगळं सांगितलं, पार लहानपणापासून. म्हणाले, बाकी काही मागत नाही, एवढं एक जपा."

बाहेर कुणीतरी बांबू आणा म्हणत होतं.

"आणि त्या काय म्हणाल्या?"

"किती नीट ऐकून घेतलं बाईनं," आईला आता हुंदका आला. "एकेक विचारून घेतलं. नुसतं बघून होतं का हात लागल्यावर होतं, एकच दाणा असला तरी होतं का, पाय टाकवतो का त्यावरून. नाना काय निवांत झाले होते! परत येताना गाडीत मला म्हणाले, इतकं बारकाईनं कोण विचारतं गं आजकाल, फार मायेच्या घरात पडतेय आपली पोर."